घड्याळ आईच्या हातात, किल्ली कोणाकडे?



 बाहेर मनगटी घड्याळांचे स्टॉल लागले आहेत आणि तिथली गर्दी या सभागृहापेक्षा जास्त आहे. त्यामुळे बोलायचे तर त्याबद्दलच.

ॲपलने 2018 साली आपल्या घड्याळात माणूस पडल्याचे ओळखण्याची सोय आणली. आता ती इतर कंपन्यांच्या घड्याळांतही आहे. जोराचा हिसका बसला की घड्याळ आधी विचारते, आणि मिनिटभर हालचाल दिसली नाही तर स्वतःच मदतीला फोन लावते. माझ्या मते ही मोलाची गोष्ट आहे. हाड मोडले तर जोडता येते, पण तासन्‌तास फरशीवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू दबून खराब होतात, अंगातले पाणी कमी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात.

केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांचा एक अभ्यास झाला. तो 2008 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मदत मागण्याची घंटा तिथे सर्रास उपलब्ध होती. तरी बराच वेळ जमिनीवर पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ती कोणी दाबलीच नाही. आपल्याकडच्या आजी काय वेगळे करतील? “रात्रीबेरात्री कशाला पोरांना घोर?” हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. घड्याळ आपणहून फोन लावते, म्हणून ते घंटेपेक्षा बरे.

मात्र ते हातात हवे! रात्री लघवीला उठताना तोल जातो, तेव्हा घड्याळ चार्जरवर असते. न्हाणीघरात जाताना ते आठवणीने काढून ठेवलेले असते. पलंगाच्या कडेवरून अलगद घसरले तर हिसकाच बसत नाही आणि घड्याळ गप्प राहते. स्वतःचे सिम नसेल, तर फोनही जवळपास लागतो. तेव्हा चार्जिंग संध्याकाळी मालिका बघताना करा, आणि पाणी चालणारे घड्याळ असेल तर ते रात्री व आंघोळीला हातातच राहू द्या. आणखी एक: घड्याळातल्या ईसीजीला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना त्याच्याकडे बघत बसू नका.

आता जरा अवघड बोलतो. घड्याळ मुलगा घेतो, जोडतो स्वतःच्या फोनला, आणि मग रोज चौकशी सुरू होते: “बाबा, आज पावले कमी का? चार वाजता कुठे गेला होतात?” प्रेम आहे, मान्य. पण ज्या बाबांनी चाळीस वर्षे घर चालवले, त्यांना आता कोपऱ्यावरच्या चहाचाही हिशेब द्यावा लागतो. आठवड्याभरात ते घड्याळ ड्रॉवरमध्ये जाते, आणि माझी सहानुभूती बाबांकडे आहे. कोणाला काय दिसावे, हे ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे त्याने ठरवावे. पडल्याची सूचना आणि त्या वेळचे ठिकाण एवढे बहुतेक घरांना पुरते. स्मृतिभ्रंशात वाट चुकण्याची भीती असते, तिथे ठिकाण सतत कळणे गरजेचे होऊ शकते. पण त्याबद्दलचे बोलणे आजाराच्या सुरुवातीलाच, त्या व्यक्तीशीच करायला हवे.

शेवटचा मुद्दा कडीचा. आई पुण्यात पडली, सूचना न्यू जर्सीत वाजली. मुलाने फोन केला, कोणी उचलला नाही. शेजारी धावले, तर दाराला आतून कडी. अशा वेळी हजारो रुपयांचे घड्याळ काय करणार? पहिला नंबर परदेशातल्या मुलाचा नको, खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा हवा. त्यांच्याकडे किल्ली हवी आणि आतली कडी काढून बाहेरून उघडणारे लॅच बसवायला हवे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर संकटात 112 हे आकडे दाराजवळ मोठ्या अक्षरांत असावेत. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सल्ल्यासाठी आहे, रुग्णवाहिकेसाठी नव्हे. हा फरकही सांगा.

म्हणून माझी सूचना अशी: एकट्या राहणाऱ्या सभासदाची किल्ली कोणाकडे आहे, याची नोंद प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने त्या सभासदाच्या संमतीने ठेवावी. असा ठराव आज दुपारच्या सत्रात मांडा. घड्याळांची खरेदी त्यानंतर करा.