खिशातला चाकू, गंजणाऱ्या पोलादाचा

लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, पण धार कशी असते, हे आजीच्या स्वयंपाकघरात वावरलेल्यांना सांगायला नको. कार्बन पोलादाच्या घडीच्या चाकूची जात तीच.

पहिल्यांदाच घेत असाल, तर माझं मत फ्रान्सच्या ओपिनेलला. आल्प्सच्या कुशीतल्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये तो घडवला. लाकडी मूठ, एक पातं, एक खीळ, बस्स! 1955 मध्ये त्यात फिरती कडी आली. ती फिरवली की उघडलेलं पातं अचानक बोटांवर मिटत नाही. सगळ्यात लोकप्रिय आठ नंबर. पातं साडेआठ सेंटिमीटरचं. दुकानात पात्यावरचा शिक्का वाचा. ‘कार्बोन’ म्हणजे आपल्याला हवं ते, ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारं. मग उघडझाप करून बघा. पातं डुगडुगत असेल, तर दुसरा मागा.

कार्बन पोलादाला साध्या दगडावरही चटकन धार येते. मात्र लिंबू कापून तसाच ठेवलात, तर सकाळी डाग दिसणारच. धुवा, लगेच कोरडा पुसा, तेलाचं बोट फिरवा. वापरून वापरून पात्यावर करडी झाक चढते. ती घासून काढू नका, गंजाला तीच थोडीफार अडवते. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगून पातं मुठीत अडकेलही. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटा, पातं डोकं वर काढतं. साव्हॉयवाले हेच करतात.

आणि हो, विमानात हातातल्या पिशवीत मात्र तो ठेवू नका.