अक्षरांच्या पेटींतील फट

दाराला भक्कम कुलूप घालणारा गृहस्थ पत्रें टाकण्याच्या फटीकडे क्वचितच पाहतो. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या 'एक्स विंडो' प्रणालीची कथा अशीच आहे.

१९८४ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. संस्थेंत तिचा जन्म झाला. पुढें अंधेरीलगतच्या जुहू येथील एन.सी.एस.टी. संस्थेनें 'इंडिक्स' प्रकल्पांत तिला भारतीय लिप्यांची जोड दिली. परंतु अक्षरांची पेटी, म्हणजे फाँट, हीहि बाहेरून येणारी फाईलच. १९९१ च्या आवृत्तींत अशी फाईल वाचणाऱ्या भागांत एक दोष शिरला. प्रत्येक अक्षराच्या नांवासाठीं १०० बाइटांची जागा राखलेली होती. नांव किती लांब आहे, हें मात्र कोणी मोजीत नसे. लांब नांव शेजारच्या जागेंत सांडे. कपटी मनुष्यानें तसें नांव मुद्दाम रचल्यास प्रोग्रॅम कोसळे, किंवा त्याच्याच हुकुमांत जाण्याची भीति असे. हा प्रोग्रॅम पुष्कळ ठिकाणीं संगणकाच्या सर्वाधिकारानें चालत असल्यानें धोका मोठा होता.

दोष जाहीर झाला जानेवारी २०१४ मध्यें. बावीसांहून अधिक वर्षें तें लिखाण सर्वांना वाचावयास खुलें होतें. तरी तो सांपडला दोष हुडकणाऱ्या एका प्रोग्रॅमला. उपाय केवढा? नांवाचीं ९९ पेक्षां जास्त अक्षरें घेऊं नयेत, एवढाच!

जें सर्वांस वाचतां येतें तें कोणीतरी तपासलेंच असेल, या भरंवशावर कोणी राहूं नये. दुरुस्तीची सूचना येतांच ती करून घ्यावी, हेंच शहाणपण होय.