गांठ आटते, मूळ उरतें



शेतांतील हरळी वरवर खुरपली, तर शेत चार दिवस स्वच्छ दिसतें. पण जमिनींत काशा शिल्लक असतात, आणि पावसाबरोबर हरळी पुन्हां माजते. मूत्राशयाच्या कर्करोगाची तऱ्हा कांहींशी अशीच आहे. औषधानें गांठ आटते, घरचीं माणसें निश्चिंत होतात, आणि कांहीं महिन्यांनीं लघवींतून पुन्हां रक्त जाऊं लागतें. असें कां व्हावें?

गांठींतील सर्व पेशी सारख्या नसतात. बहुतेक भराभर वाढतात. औषधाचा मारा त्यांच्यावरच असतो. थोड्या मात्र निद्रिस्त राहून त्यांतून निसटतात, आणि पुढें सारी गांठ नव्यानें उभी करितात. ह्याच कर्करोगाच्या मूलपेशी. टोरांटो येथील जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं रक्ताच्या कर्करोगांत त्या प्रथम दाखविल्या. पुढें प्रॉस्टेट ग्रंथींत व मूत्राशयांतही त्यांचा माग लागला.

ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयांत कीथ चॅन यांच्या संशोधकवर्गानें २०१५ सालीं एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणिली. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्यें शरीराला विसावा द्यावा लागतो. त्या अवधींत मरणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ नांवाचें द्रव्य सोडतात, आणि ह्या हांकेनें निजलेल्या मूलपेशी जाग्या होतात. सेलेकॉक्सिब ह्या वेदनाशामक औषधानें उंदरांमध्यें ती हांक दाबतांच केमोथेरपीचा गुण वाढला.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. ज्यांची गांठ मूत्राशयाच्या स्नायूंपर्यंत पोंचली नव्हती, अशा रोग्यांना ब्रिटनमध्यें हेंच औषध दोन वर्षें देऊन पाहिलें. २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोगाचें परतणें थांबलें नाहीं. हे रोगी निराळ्या अवस्थेंतील होते, म्हणून मूळ कल्पना खोटी ठरत नाहीं. पण ह्या औषधानें हृदयास अपाय होऊं शकतो, तेव्हां वैद्यांच्या सल्ल्यावांचून तें कोणीं घेऊं नये. शिवाय निरोगी अवयवांनाही स्वतःच्या मूलपेशी असतात. त्यांना धक्का न लावतां रोगट तेवढ्याच टिपणें, हें खरें कठीण काम आहे.

तोंपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातीं आहेत. तंबाखू व धूम्रपान सोडावें, कारण ह्या रोगाचें तें प्रमुख कारण आहे. आणि उपचार संपल्यावर, प्रकृति कितीही उत्तम वाटली तरी, मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी नेमल्या दिवशीं चुकवूं नये. शेतकरी पीक उभें राहिल्यावरही बांधावरून फेरी मारतोच.