शीत कोणत्या भांड्यांतलें?



शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपण म्हणतों. म्हण खरी आहे. पण शीत ज्या भांड्यांतलें असेल त्याच भाताविषयीं तें साक्ष देतें, शेजारच्या चुलीवरील भाताविषयीं नाहीं. संख्याशास्त्राची नमुना-पाहणी याच अटीवर उभी आहे.

परभणी जिल्ह्यांतील देवगांव फाटा घ्या. सोयाबीनची रास झाल्यावर कोणी या फाट्यावर उभें राहून, पोतीं घेऊन जाणाऱ्या शंभर शेतकऱ्यांना एकरी उतारा विचारला, अशी कल्पना करा. सर्वांनीं खरें सांगितलें, बेरीज अचूक झाली, तरी त्या सरासरीवरून आसपासच्या गांवांचें पीक ठरवितां येणार नाहीं. ज्याचें सोयाबीन पावसानें शेतांतच कुजलें, तो फाट्यावर येणार कशाला? ही सरासरी माल विकावयास निघालेल्यांची होय. पेरणाऱ्या सर्वांची नव्हे. शंभरांऐवजीं हजारांना विचारल्यानेंही हा दोष जात नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाईसाठीं पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला गेला. निवडक शेतांत ठराविक मापाचा तुकडा आखावयाचा, त्यांतील पीक कापून तोलावयाचें, आणि त्यावरून साऱ्या महसूल मंडळाचें उत्पन्न ठरवावयाचें. तेव्हां सडकेलगतचें सोयीचें शेत घेऊन चालत नाहीं. मंडळांतील त्या पिकाच्या प्रत्येक शेताला निवडीची संधि हवी, म्हणून निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी व्हावी लागते.

शेत नीट निवडलें तरी तुकडा आखतांना चूक होऊं शकते. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत दाखविलें कीं, फार लहान तुकड्यांवरून उत्पन्न वास्तविकाहून अधिक निघतें. कडेवरचीं रोपें आंत धरण्याकडे मापणाऱ्याचा कल असतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानानें त्याची कड मोठी.

याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेवावी. मंडळाची सरासरी निर्दोष असली, तरी ती मंडळाचीच. ओढ्याकांठच्या एखाद्या शेताचें सारें पीक वाहून गेलें, तरी ती सरासरी चांगली राहूं शकते. त्या शेतकऱ्याचें म्हणणें म्हणून खोटें ठरत नाहीं, आणि त्याच्या एका शेतावरून मंडळाचा आकडाही खोटा ठरत नाहीं. त्याच्या हानीची पाहणी त्याच्याच शेतांत झाली पाहिजे.

म्हणून कोणताही आकडा कानीं आला, कीं तो कोणांतून निवडला आणि कोणाविषयीं सांगितला, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत. दोहोंचें उत्तर एक असेल, तरच त्यावर विसंबावें.