बीजप्रक्रिया शिकायला जाण्याआधी



खरीप तोंडावर आला की गावोगाव बीजप्रक्रियेचे वर्ग भरतात. जरूर जा. पण जाण्याआधी, शिकलेलं आपण कुठं, कुणाच्या हातानं आणि किती घाईत करणार, ते घरीच पाहून घ्या.

वर्गात सोयाबीनचं १० किलो बी ताडपत्रीवर ओततात. आधी बुरशीनाशक, मग २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धन हलक्या हातानं लावून सावलीत सुकवतात. पाहायला सोपं वाटतं. आता तुमची पेरणी चार एकरांची समजा. एकरी ३० किलो धरलं तर १२० किलो बी, म्हणजे असे १२ ढीग झाले. ढिगाला पाव तास धरला तरी ३ तास गेले, सुकवणं वेगळंच. त्यात पाऊस होऊन वाफसा आलेला, भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर उभा, अन् सावली म्हणाल तर गोठ्यापुरती. मग बी तसंच पेरलं जातं. याला आळस म्हणणं बरोबर नाही. वेळ आणि जागाच पुरत नाही.

हा हिशेब आधी मांडला तर वाट निघते. बुरशीनाशक काही दिवस आधी लावून ठेवता येतं. संवर्धनातले जिवाणू जिवंत असतात, ते तेवढे पेरणीच्या दिवशीच लावायचे. तुम्ही घेतलेलं बुरशीनाशक त्या जिवाणूंना चालतं का, हे वर्गात विचाराच.

आणि हात कुणाचे? पुष्कळ घरांत बी चोळतात बायका, अन् वर्गाला जातात कारभारी! सोयाबीनची साल नाजूक. जोरात चोळलं किंवा पाणी जास्त झालं की ती सुटते आणि उगवण घटते. हे स्वतः करून पाहिल्याशिवाय उमगत नाही. तेव्हा कारभारीणबाईंनाही सोबत न्या, आणि त्यांच्या हातून एक ढीग करवून घ्या.

शेतीशाळा बांधावरच भरते, तिथं ही अडचण कमी. १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या शेतांत ही पद्धत सुरू झाली. तरी तिथंही शेत दुसऱ्याचं असू शकतं. काटा, हातमोजे, ताडपत्री आपल्याच घरी शोधावी लागते. काटा नसेल तर १० किलो बियाण्याची मात्रा वर्गातच मोजून मापाची डबी ठरवून घ्या. ती डबी दुसऱ्या कामाला नको, आणि स्वयंपाकाचं भांडं तर बिलकूल नको. प्रक्रिया केलेलं बी उरलं तर ते गुरांपुढं, कोंबड्यांपुढं टाकू नका.