आग्रह नको, चौकशी हवी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी काही डॉक्टर नाही. आमच्या ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून चार वर्षं मी त्यांचं ताट वाढतेय. तेवढ्याच अधिकारानं बोलते.

आठवड्यातून तीनदा पालमहून परभणीला डायलिसिस. पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा तुम्ही सगळे भेटायला आलात. कुणी शहाळं आणलं, कुणी केळी, कुणी मोसंबी. मायेनंच आणलं, मीही मायेनंच दिलं. दोन दिवसांत ह्यांच्या पायातलं बळच गेलं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं. ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, हे मला त्या रात्री कळलं.

तेव्हापासून स्वयंपाक बदलला. बटाटा, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची नि ते पाणी फेकून द्यायचं. लोणचं, पापड, ठेचा बंद. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं, ते नकोच. पाणी मोजून द्यायचं. चहा, ताक, पातळ वरणही त्याच मापात धरायचं.

एक गोष्ट मात्र उलटी. आधी डाळ, अंडी बेतानं खा म्हणायचे. डायलिसिस सुरू झाल्यावर तीच वाढवायला सांगितली, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनंही निघून जातात. म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना विचारा.

ज्यांना बी.पी. किंवा शुगर आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासावं. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

शेवटी एक मागणं. पंगतीत "एवढ्यानं काय होतंय" म्हणून आग्रह करू नका. गेल्या दिवाळीत शेजारच्या वहिनींनी आधी विचारलं, "भाऊजींना काय चालतं?" मग शेंगदाणे, खोबरं न घालता, बिनमिठाचा पोह्यांचा चिवडा वाटीभर आणून दिला. त्या दिवशी हे सगळ्यांबरोबर बसून फराळ करू शकले. मला तर तीच दिवाळी वाटली.