मीटर नव्हे, गाडी पाहा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता जेवणानंतर जुन्या गाडीबद्दल बोलायला आम्हाला उभे केले आहे. काहींना वाटेल, हा काय बैठकीचा विषय झाला? पण जरा मांडवाबाहेर नजर टाका. ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांतल्या कोऱ्या किती आणि दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या किती? कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात गाडी येते ती बहुतेक दुसऱ्याने वापरून सोडलेलीच येते. मग ती घेण्यात आपण फसतो का, आणि कसे फसतो, हे एकदा उघड बोलून टाकू. आम्ही फसलो, म्हणून बोलायचा अधिकार आम्हाला आहे.

आम्ही म्हणजे बांधाला बांध लागून असलेली तीन घरे. २०२२ सालच्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, आठवते ना? कित्येक वर्षांनी हातात चार पैसे आले. गावापासून तालुका बावीस किलोमीटर, शेवटची एस.टी. संध्याकाळी. तिघांनी मिळून एक डिझेल गाडी घ्यायचे ठरवले. तालुक्याच्या एका दलालाकडे गेलो. मीटरवर ७२,००० किलोमीटर, रंग चकचकीत, सीटला नवे कव्हर. १,६०,००० रुपयांना सौदा झाला. दहा हजारांच्या भावाने सोळा क्विंटल कापूस. पेढे वाटले, नारळ फोडला.

तीन महिन्यांनी, मे महिन्यात, रात्री दोन वाजता शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. गाडी काढली. बारा किलोमीटरवर काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन जागेवर जाम झाले. अंधारात, रस्त्याच्या कडेला, मांडीवर म्हाताऱ्याचे डोके घेऊन आम्ही बसलो होतो. साडेचारला दुधाचा टेम्पो आला, त्याने नेले. म्हातारा वाचला. आमची हुशारी त्यात काही नव्हती, टेम्पोवाल्याचे उपकार.

इंजिन खोलायला टाकले तेव्हा मिस्त्रीला सीटच्या खाली एक जुने बिल सापडले. तीन वर्षांपूर्वीचे. त्यावर किलोमीटर लिहिले होते १,६१,०००. म्हणजे मीटर मागे फिरवलेले. आणि खरे सांगतो, ते कळायला बिलाची गरज नव्हती. ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीचे रबर झिजून लोखंड दिसत होते. स्टेअरिंग हाताळून गुळगुळीत झाले होते. ७२,००० किलोमीटरमध्ये एवढी झीज होत नाही. आम्ही ते पाहिले होते. पण पाहून विचार केला नाही.

बैल घेताना आपण काय करतो?

आता सांगा, बैलबाजारात आपल्याला कोणी असे फसवू शकतो का? आपण जबडा उघडतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, ते पाहतो. चालवून पाहतो. खांदा चाचपतो. जुंपून पाहिल्याशिवाय रुमालाखाली बोट दाबत नाही. मग लाखाच्या वर पैसे मोजताना ही अक्कल कुठे जाते? गाडी म्हटले की ते शहरवाल्यांचे काम, आपल्याला काय कळते, असे आपणच धरून चालतो. दलालाचे निम्मे काम तिथेच होते.

गाडीलाही दात असतात. ते कसे पाहायचे ते सांगतो.

गाडी भल्या पहाटे पाहायला जा, आणि चालू करून ठेवू नका असे आदल्या दिवशी सांगा. हात लावून पाहा, इंजिन थंड पाहिजे. खराब इंजिन गरम असले की दोष झाकते, थंड असताना उघडे पडते. चालू केल्यावर मागे जाऊन धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी इंजिनात शिरते आहे. चालू इंजिनवर ऑइल ओतायचे झाकण सैल करून पाहा. तिथून धूर जोराने वर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर तिथूनच परत फिरा. रेडिएटरचे झाकण मात्र गाडी थंड असतानाच उघडायचे, गरम असताना उघडले तर तोंड भाजेल.

मग खाली वाका. लाज धरू नका, सतरंजी अंथरून झोपा. चासीला गंज किती, कुठे वेल्डिंग मारले आहे, ऑइल कुठून गळते ते पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एका बाजूनेच झिजला असेल तर पुढचा भाग ठोकलेला असू शकतो. शेवटी किमान वीस किलोमीटर चालवा, थोडी चढावर, थोडी आपल्या गावासारख्या खड्ड्यांतून. चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच गेला.

हे सगळे करताना मिस्त्री आपला न्या, दलालाचा नको. त्याची दिवसाची मजुरी द्या. पाचशे-हजाराकडे पाहून आम्ही ती वाचवली होती. बैल गेला आणि झोपा केला, असे झाले.

आर.सी. हाच गाडीचा सातबारा

जमीन घेताना सातबाऱ्यावर बोजा आहे का ते पाहतो. गाडीचा सातबारा म्हणजे आर.सी. बुक. आमच्या पहिल्या गाडीवर वित्त कंपनीचा बोजा होता. दलाल म्हणाला, "आठ दिवसांत उतरवतो." आठ महिने लागले. तोपर्यंत गाडी आमच्या नावावर होईना.

म्हणून मालक कोण, कितवा मालक, बोजा, विमा, फिटनेस, थकलेली चलाने हे सगळे पैसे देण्याआधी पाहा. सरकारच्या परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की यातले पुष्कळसे मोबाइलवर दिसते. आपल्याला जमत नसेल तर पोरीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल. चासीवरचा नंबर आणि आर.सी. वरचा नंबर स्वतः ताडून पाहा. बोजा असेल तर वित्त कंपनीचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्या.

विकणाऱ्यांनीही ऐकावे. गाडी दिली, पैसे आले, नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या निकालात हे स्पष्ट केले आहे. तेव्हा "करू सावकाश" हा शब्द दोघांनीही टाकून द्यावा.

गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर जास्त जपून. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण इथे आणल्यावर कर पुन्हा भरावा लागतो. आणि खासगी नंबरच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

खर्च मांडा

आपण पिकाचा खर्च मांडतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, घरच्यांची मजुरीसुद्धा. मग गाडीचा का मांडत नाही? आमच्या पहिल्या गाडीचा हिशेब ऐका. घेताना १,६०,०००. इंजिन, रेडिएटर, टायर, कागदपत्रे मिळून ८१,०००. एकूण २,४१,०००. २०२३ च्या उन्हाळ्यात, दोष सगळे सांगून, ७०,००० ला विकली. गेले १,७१,०००. चालली ९,००० किलोमीटर. म्हणजे डिझेल सोडून किलोमीटरला १९ रुपये.

२०२४ च्या जानेवारीत पुन्हा हिंमत केली. कापसाचा लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ७,०२० होता. तिघांचे मिळून दोन लाख होते. आम्ही ठरवले, गाडी १,४०,००० च्या वर घ्यायची नाही, ६०,००० राखून ठेवायचे. हिशेब करा, १,४०,००० म्हणजे जवळजवळ वीस क्विंटल कापूस. गाडी वीस हजारांनी स्वस्त आणि कापूस चार क्विंटल जास्त!

या वेळी मीटरवर होते १,४८,००० किलोमीटर. लोक हसले. म्हणाले, एवढी पळालेली गाडी घेता? पण ती औषध कंपनीच्या माणसाची होती, जिल्हाभर डांबरी रस्त्यावर फिरलेली. दर दहा हजाराला ऑइल बदलल्याची बिले त्याने ओळीने लावून ठेवलेली. जास्त पळालेली गाडी वाईट नसते, न सांभाळलेली वाईट असते. खरे दीड लाख किलोमीटर खोट्या सत्तर हजारांपेक्षा चांगले.

गाडी साधी, पेट्रोलची घेतली. आमचे वर्षाचे फिरणे बारा हजाराच्या आसपास. एवढ्यासाठी जुने डिझेल परवडत नाही. तेल स्वस्त पडते, पण पंप, इंजेक्टर, टर्बो बिघडले की सगळी बचत एका बिलात जाते. सुटे भाग तालुक्यात मिळतात का तेही आधी दुकानात विचारून आलो. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येते, म्हणून जुन्या गाडीतले इंधनाचे रबरी पाइप आणि सील मिस्त्रीला दाखवून घ्या.

राखलेल्या साठ हजारांतून लगेच ३८,००० खर्च केले. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, टायमिंग बेल्ट, सगळी ऑइले. बिघडायची वाट पाहिली नाही. नंतरच्या दीड वर्षात दुरुस्ती आणि विमा २०,०००. चालली १८,००० किलोमीटर. आज विकली तर एक लाख येतील असे धरले, तर पेट्रोल सोडून किलोमीटरला साडेपाच रुपये. कुठे १९ आणि कुठे साडेपाच!

भावांनो, शेवटचे आणि सगळ्यांत महत्त्वाचे. पुढच्या पेरणीचे पैसे बाजूला काढल्याशिवाय गाडीला हात लावू नका. आणि उधारीवर तर मुळीच नको. गाडी एक वर्ष उशिरा आली तर काही अडत नाही, मृगात बियाण्याला पैसे नसले तर वर्ष जाते. तोवर गावात ज्यांची गाडी आहे त्यांच्याशी बोलून ठेवा, तेलाचे पैसे द्या, रात्री-अपरात्री कोणाचे दार वाजवायचे ते ठरवून ठेवा.

तो म्हातारा आजही आमच्या ओट्यावर येऊन बसतो. नव्या गाडीत पहिल्यांदा बसवले तेव्हा त्याने विचारले, "ही पोचवते ना रे?" गाडी घेताना विचारायचा प्रश्न तोच. रंग कोणता, मीटर किती, हे मागाहून.

एवढे बोलून थांबतो. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी बैठक संपल्यावर मांडवाच्या मागे यावे, आमची हिशेबाची वही तिथे आहे. उघडी आहे, कोणीही पाहावी.